पडले तरी पुन्हा उभे का राहतात? विधानसभा हरण्यामागचं गणित

निकालाच्या दिवशी टीव्हीवर खाली एक पट्टी हमखास फिरत असते, 'अमक्याचं डिपॉझिट जप्त', आणि ती वाचून घरातलं कोणीतरी म्हणतंच, अरे हा तर मागच्या वेळी पण पडला होता ना, मग परत कशाला उभा राहिला? प्रश्न बरोबर आहे. २०२४ च्या विधानसभेला आपल्याकडे २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते, म्हणजे काहीही झालं तरी ३,८४८ लोक पडणारच होते. २०१९ ला उमेदवार होते ३,२३७, तेव्हाही तीच कथा. तरी आपण सगळं वाचतो ते निवडून आलेल्यांबद्दल. ते ३,८४८ लोक सगळेच काही हौशे-नवशे नसतात, त्यांच्यात माजी मंत्री असतात, उद्याचे आमदार असतात, आणि हो, थोडे खरंच हौशे पण असतात.

तर आज पडलेल्यांबद्दल बोलू.

आधी हे बघा, जिंकायला नक्की किती मतं लागतात

बऱ्याच जणांना वाटतं की निम्म्याच्या वर मतं पाहिजेत. तसं काही नाही. आपल्याकडे सोपा नियम आहे, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आमदार, मग ती ६० टक्के असोत नाहीतर ३०. माहीमचंच घ्या, २०२४ ला महेश सावंतांना ५०,२१३ मतं पडली, सदा सरवणकरांना ४८,८९७ आणि अमित ठाकरेंना ३३,०६२. सावंत १,३१६ मतांनी जिंकले. म्हणजे झालेल्या मतांपैकी साधारण ३७ टक्के त्यांना, आणि बाकीच्या बहुसंख्य लोकांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलेलं. पण आमदार एकच होतो, दुसऱ्या नंबरला काही म्हणजे काहीच मिळत नाही.

दुसरा नंबर किती जवळ असू शकतो याची हद्द राजस्थानात झाली. २००८ ला नाथद्वारातून सी. पी. जोशी उभे होते, काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रीपदासाठी नाव चर्चेत, आणि ते एका मताने पडले. ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. कर्नाटकात २००४ ला संतेमरहळ्ळी मतदारसंघात पण असंच एका मताने झालं होतं. आणि समजा दोघांना अगदी सारखीच मतं पडली तर कायद्यात चिठ्ठी टाकायची सोय आहे, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त धरतात. पाच वर्षांचा आमदार चिठ्ठीवर ठरू शकतो, ऐकायला विचित्र वाटतं पण तरतूद तशीच आहे.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे 'पडला' या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. एका मताने पडलेला पण पडलेलाच, आणि अडीचशे मतं घेतलेला पण पडलेलाच.

डिपॉझिट जप्त म्हणजे काय?

डिपॉझिट म्हणजे अर्ज भरताना सरकारकडे ठेवायची अनामत रक्कम. विधानसभेला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. ही रक्कम रोख भरायची किंवा सरकारी खजिन्यात भरून चलन जोडायचं, चेक चालत नाही. (म्हणूनच दर निवडणुकीला कोणीतरी चिल्लरची पिशवी घेऊन निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर ओततो आणि मग ते कर्मचारी बिचारे मोजत बसतात.)

ही रक्कम परत मिळायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. पेक्षा जास्त, बरोबर एक षष्ठांश असतील तरी गेली. समजा मतदारसंघात २ लाख वैध मतं झाली तर ३३,३३४ तरी पाहिजेत. नोटाची, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाची मतं या हिशोबात धरत नाहीत. आता माहीमचा हिशोब परत बघा, अमित ठाकरे तिसऱ्या नंबरवर होते पण ३३ हजार मतं ही तिथल्या एक षष्ठांशापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे डिपॉझिट शाबूत. उलट जिथे दोघांचीच तुफान लढत असते आणि दोघंच ९० टक्के मतं नेतात तिथे तिसरा माणूस कितीही चांगला असू दे, त्याचं डिपॉझिट जाणारच. त्यामुळे डिपॉझिट जाणं हे माणसाच्या लायकीचं सर्टिफिकेट नाही, ते बरंचसं त्या मतदारसंघात लढत कशी झाली यावर असतं.

एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. एक माणूस जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून उभा राहू शकतो, पण दोन्हीकडे भरपूर मतं घेतली तरी परत एकच डिपॉझिट मिळतं, दुसरं जप्तच.

आणि ही रक्कम आहेच कशाला? तर गंमत म्हणून कोणीही अर्ज भरू नये म्हणून. १९५१ च्या कायद्यात विधानसभेचं डिपॉझिट २५० रुपये होतं आणि ते कित्येक वर्षं तेवढंच राहिलं. मग १९९६ ला तमिळनाडूत मोडकुरिची मतदारसंघात तब्बल १,०३३ उमेदवार उभे राहिले, मतपत्रिका नाही, पुस्तिका छापावी लागली. त्याच वर्षी डिपॉझिट ५,००० झालं, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर १०,०००.

पहिल्यांदा उभा राहणारा का आपटतो

इथे खरी मेख आहे, आणि भाषणं, सोशल मीडिया, रॅली हे सगळं बघून ती कळत नाही.

पहिलं म्हणजे चिन्ह. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला चिन्ह आधीपासून असतं, लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं बसलेलं असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. २०२४ ला ती मुदत ४ नोव्हेंबरला संपली, प्रचार १८ ला थांबला, मतदान २० ला. म्हणजे प्रेशर कुकर किंवा शिट्टी किंवा रोड रोलर हे आपलं चिन्ह आहे हे अडीच-तीन लाख मतदारांपर्यंत पोचवायला हातात दोनच आठवडे. त्यात मशीनवर नावं लावताना आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि सगळ्यात शेवटी अपक्ष. एका मशीनवर नोटा धरून १६ बटणं, त्यामुळे उमेदवार जास्त झाले की अपक्षाचं नाव दुसऱ्या मशीनवर जातं, आणि तिथपर्यंत किती जणांची नजर जाते हे तुम्हीच सांगा.

अर्जाला पण फरक आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात, आणि दहातला एक जरी यादीत नसलेला निघाला की छाननीत अर्ज बाद होऊ शकतो.

पण खरा मार बूथवर बसतो. २०२४ ला राज्यात एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास. प्रत्येक केंद्रावर तुमचा एक पोलिंग एजंट पाहिजे, जो सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोलला, म्हणजे मशीन तपासायच्या चाचणी मतदानाला हजर राहील, हातात मतदार यादी घेऊन कोण आलं कोण नाही त्यावर खुणा करेल, दुपारी बाहेर निरोप पाठवेल की खालच्या आळीतले अजून आले नाहीत, आणि संध्याकाळी झालेल्या मतदानाचा हिशोब असलेला फॉर्म १७ सी सही करून घेऊन येईल. अशी साडेतीनशे विश्वासाची माणसं, एका दिवसासाठी, आणि दुसरी पार्टी त्यांना फोडणार नाही अशी. नवख्या उमेदवाराकडे सभेला पाच हजार लोक असतात पण बूथवर बसायला शंभर पण नसतात, आणि मग निकालाच्या दिवशी 'एवढी गर्दी होती, मतं कुठे गेली' असं म्हणत बसतो. गर्दी होती हो, पण गर्दीला मतदानाच्या दिवशी घरातून बाहेर काढणारं कोणी नव्हतं.

मग हरून मिळतं काय?

एसटी उभी राहिली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो बघा, तसं पहिल्या एक-दोन पराभवांचं असतं. जागा मिळालेली नसते पण इथे कोणीतरी बसणार आहे एवढं सगळ्यांना कळतं. निकालानंतर सहा महिन्यांत त्या माणसाचे 'भावी आमदार' असे बॅनर चौकात लागायला लागतात, लग्नात, दहाव्याला, तहसील कचेरीत तो दिसायला लागतो, आणि पुढच्या वेळी पक्ष तिकीट वाटायला बसले की या माणसाकडे अमुक हजार मतं आहेत हे कागदावर असतं.

तो कागद म्हणजे फॉर्म २०. निकालाचा अंतिम तक्ता, ज्यात एकेका मतदान केंद्रावर एकेका उमेदवाराला किती मतं पडली हे लिहिलेलं असतं. मुरलेला उमेदवार पडला की आठवडाभर हा तक्ता घेऊन बसतो. कुठल्या गावाने लीड दिलं, कुठलं गाव शब्द देऊन फिरलं, ज्या बूथवर आपले दहा सूचक-कार्यकर्ते राहतात तिथे मतं चारच कशी, सगळं बाहेर पडतं. काही लोकांची मैत्री त्या तक्त्यावर संपते, खरंच.

तुम्हाला तो लिंकनचा फॉरवर्ड आला असेलच, हा हरला, तो हरला, शेवटी राष्ट्राध्यक्ष झाला वगैरे. त्यात १८३२ ला इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक हरला असं असतं, ते खरं आहे. पण फॉरवर्डमध्ये हे नसतं की त्याच निवडणुकीत न्यू सेलम या त्याच्या स्वतःच्या गावात ३०० पैकी २७७ मतं त्याला पडली होती, आणि दोनच वर्षांनी तो तिथूनच निवडून आला, ती वेळ धरून सलग चार वेळा. म्हणजे ही जिद्दीची गोष्ट कमी आणि बूथची जास्त आहे. गावात पाया होता, बाहेर ओळख नव्हती, तेवढीच करायची बाकी होती.

आपल्याकडचं उदाहरण सांगोल्याचं. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा निवडून आले. पण १९७२ ला ते पण पडले होते आणि १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना फक्त १९२ मतांनी हरवलं. त्यानंतर बापूंना ती जागा टिकवता आली नाही, १९९९ पासून २०१४ पर्यंत चारही वेळा गणपतराव, आणि बापू मधली वर्षं पडतच राहिले. २०१९ ला गणपतरावांनी वयामुळे थांबायचं ठरवलं, त्यांचे नातू उभे राहिले, आणि बापू ७६८ मतांनी आले. म्हणजे 'काय झाडी, काय डोंगार'वाले बापू महाराष्ट्राला कळले २०२२ ला, पण त्याच्या मागे वीसेक वर्षं पडण्याची होती. आणि २०२४ ला परत पडले, या वेळी गणपतरावांचे दुसरे नातू जिंकले. हे सगळं एकाच तालुक्यात.

अपक्षांचं पण बघा. २०२४ ला राज्यात दोनच अपक्ष निवडून आले, जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. दोघंही २०१९ ला त्याच जागेवर पडलेले होते.

त्यामुळे एखादा उमेदवार दोनदा पडला असं कळलं तर नुसता नंबर विचारू नका, मतांचा फरक कमी होतोय की वाढतोय ते बघा. कर्जत-जामखेडला राम शिंदे २०१९ ला रोहित पवारांकडून ४३,३४७ मतांनी पडले. २०२४ ला परत तेच दोघं, परत शिंदेच पडले, पण फरक १,२४३ वर आलेला. बातमीत दोन्ही वेळा 'राम शिंदे पराभूत' एवढंच आलं असेल पण या दोन अगदी वेगळ्या निवडणुका आहेत.

पण पडलेलेच मागच्या दाराने सभागृहात येतात, त्याचं काय?

येतात. राम शिंदे २०२२ ला विधान परिषदेवर गेले आणि २०२४ चा पराभव झाल्यावर महिन्याभरात विधान परिषदेचे सभापती झाले. पंकजा मुंडे २०१९ ला परळीतून पडल्या, २०२४ ला लोकसभेला बीडमधून पडल्या, त्याच वर्षी विधान परिषदेवर गेल्या आणि वर्ष संपायच्या आत मंत्री. नियमात बसतं सगळं, दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहाचा सदस्य मंत्री होऊ शकतो, आणि सदस्य नसेल तरी मंत्री करता येतं फक्त सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. लोकांनी नाकारलेल्याला परत आणायचं का, हा राग मला समजतो. पण एक लाख मतं घेऊन हजारभराने पडलेल्याला 'लोकांनी नाकारलं' म्हणणं पण तितकंसं खरं नाही. मला जास्त खटकतं ते हे की ही सोय पक्षाच्या मोठ्या नावांनाच मिळते, गावोगाव फिरून चाळीस हजार मतं आणणाऱ्या साध्या कार्यकर्त्याला कोणी परिषदेवर पाठवत नाही.

आणि ते मतं खायला उभे केलेले?

असतात, नाही कशाला म्हणू. नावाचा सारखेपणा, चिन्हाचा सारखेपणा हे प्रकार आपण बघितलेत. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांच्या वर मतं पडली होती. २०१५ पासून मशीनवर उमेदवाराचा फोटो असतो तो याच घोळासाठी. तरी २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि तुतारीसारखं दिसणारं ट्रम्पेट चिन्ह असलेल्या अपक्षाला ३७ हजार मतं गेली.

पण मतं खाल्ली हे म्हणताना आपण एक गोष्ट धरूनच चालतो, की ती मतं दुसऱ्या कोणाची तरी होती. मालेगाव मध्यला २०२४ ला १६२ मतांनी निकाल लागला, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, बेलापूरला ३७७. एवढ्याशा फरकात कुठलाही तिसरा-चौथा उमेदवार 'याच्यामुळे पडलो' म्हणून दाखवता येतो. पण त्या माणसाला मत देणारा मतदार तो नसता तर घरीच बसला असता, किंवा नोटा दाबलं असतं, कोणाला माहीत. मतं मालकीची नसतात.

मग दोनदा पडलेल्याला बंदीच घाला ना

बंदीच्या सूचना नव्या नाहीत. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात अपक्षांना उभंच राहू देऊ नये असं सुचवलं होतं. ते काही झालं नाही आणि माझ्या मते बरं झालं. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन १९८८ पासून दोनशेच्या वर निवडणुका लढले आणि हरले, हरण्याचाच विक्रम केला, पण त्यांच्यामुळे कोणाचं काय बिघडलं? मशीनवर एक ओळ वाढली आणि सरकारला डिपॉझिट मिळालं. उलट बंदी घातली असती तर सांगोल्यात, चंदगडात लोकांना जे हवं होतं तेच त्यांना निवडता आलं नसतं. आणि पक्षाचं तिकीट कोणाला मिळतं हे आपण सगळे बघतोच, त्यामुळे तिकिटाशिवाय उभं राहायचा रस्ता उघडा असलेला बरा.

खर्च फक्त डिपॉझिटचा नसतो

हे सगळ्यात कमी बोललं जातं. विधानसभेला महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, आणि अर्ज भरायच्या आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं, त्यातूनच खर्च करायचा. आता मोठी चूक कुठे होते, तर पडलेला उमेदवार वैतागून घरी बसतो आणि हिशोब देतच नाही, संपलं म्हणतो. नाही संपलेलं. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, जिंकलेल्याने पण आणि दोनशे मतं घेतलेल्याने पण, आणि योग्य कारण नसताना दिला नाही तर निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे पुढच्या वेळी उभं राहायची खाज असलेला माणूस एका फाइलीमुळे बाहेर.

निकालावरच शंका असेल तर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करता येते, त्यानंतर नाही. आणि एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला ७ दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, मतदारसंघातल्या ५ टक्क्यांपर्यंत मशीनची तपासणी मागता येते, मशीनमध्ये छेडछाड सापडली तर पैसे परत. तिन्ही मुदती निकालाच्या दिवसापासून पळायला लागतात, आणि नेमका तेव्हाच उमेदवाराचा फोन बंद असतो.

तुमच्या मतदारसंघात कोण कुठे पडला हे बघायचं असेल तर फॉर्म २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर मिळतो. पीडीएफ असते, बऱ्याचदा वाकडी स्कॅन केलेली, पण आपला बूथ नंबर शोधा आणि मागच्या दोन निवडणुका शेजारी ठेवून बघा. आपल्या गल्लीत कोणाची मतं वाढत चाललीत ते बातमीच्या आधी तिथे दिसतं.